५०४२ किलोमीटर

गेल्या डिसेंबरात आम्ही ऑफिसमधल्या आठ जणांनी पुणे ते गोवा सायकलवर केलं. साधारण साडेचारशे किलोमीटर, चार दिवस. कारण चांगलं होतं. आजऱ्याच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका गावातल्या निवासी शाळेला वाचनालयासाठी पैसे हवे होते. मित्रमंडळींना लिंक पाठवली, स्टेटस टाकले, ऑफिसात ई-मेल फिरवला. एकसारख्या जर्सी, मागे सपोर्ट गाडी, गाडीत केळी आणि इलेक्ट्रॉल. ठरवलेला आकडा गोव्याला पोचायच्या आधीच पार झाला. कोलव्याच्या किनाऱ्यावर सायकली डोक्यावर उचलून फोटोही झाले.

जानेवारीत शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. पुस्तकांची कपाटं आली होती, फार आनंद झाला म्हणाले. मग सहज, अगदी तक्रारीचा सूर न लावता, "पोरं दोन दिवस विचारत होती, सर, सायकलवाले कधी येणार म्हणून. मी म्हटलं, घाईत असतील."

घाईतच होतो. त्यांच्या गावाचा फाटा आम्ही ओलांडला होता. आत चौदा किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन अठ्ठावीस, आणि वर चढ. दिवसाचा प्लॅन कोलमडला असता. फाट्यावर थांबून चहा प्यायलो आणि पुढे सुटलो.

तेव्हापासून टीममधल्या एकाने आधीच विचारलेला प्रश्न डोक्यात घोळायला लागला. तो म्हणाला होता, "अरे, शाळेला पैसे द्यायचेत ना? मग सरळ दे की! त्यासाठी सायकल कशाला मारायची?" तेव्हा मी काहीतरी उत्तर देऊन त्याला गप्प केलं होतं. पण प्रश्न बरोबर होता. सायकलचा आणि मदतीचा संबंध काय? म्हणून गेले काही वीकेंड जुन्या गोष्टी वाचत बसलो.

आपण करतो त्या प्रकारच्या राइडचं मूळ बऱ्यापैकी अमेरिकेत सापडतं. १९८० साली मॅसॅच्युसेट्समध्ये बिली स्टार नावाच्या तरुणाने ३५ मित्र गोळा केले आणि स्प्रिंगफील्ड ते प्रोव्हिन्सटाउन असे सुमारे २२० मैल सायकल चालवली. त्याची आई कॅन्सरने गेली होती. त्या पहिल्या वर्षी कॅन्सर रुग्णालयासाठी १०,२०० डॉलर जमले. ती पॅन-मास चॅलेंज. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात एड्सच्या रुग्णांसाठी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी राइड निघाली, त्यात पावणेपाचशेच्या आसपास लोक होते. तंत्र साधं आहे. मी घाम गाळतो, तू माझ्या घामाकडे बघून पैसे दे. घाम हे एक प्रकारचं तारण! माणूस खरंच मनापासून करतोय याची खात्री पटली की खिशात हात जातो. यात वाईट काहीच नाही, कितीतरी रुग्णांचं भलं झालंय.

पण आपल्याकडे याहून जुनी एक परंपरा आहे, आणि गंमत म्हणजे तिचे तीन मोठे टप्पे विदर्भातल्या एका छोट्या पट्ट्याशी जोडलेले आहेत. वर्धा, पवनार, वरोरा. मोटारीने एका सकाळीत तिन्ही ठिकाणं बघून होतील.

पहिला टप्पा गांधीजींचा. ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्याहून त्यांचा हरिजन दौरा सुरू झाला. नऊ महिने, साडेबारा हजार मैल; कधी रेल्वे, कधी मोटार, कधी बैलगाडी, शेवटी शेवटी तर पायी. अस्पृश्यता निवारणासाठी सुमारे आठ लाख रुपये जमले. बापू वसुलीला एकदम पक्के होते. सही हवी? पाच रुपये टाका. बायकांच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मागून घ्यायचे. म्हणजे निधी हवाच होता. पण तो गोळा करायला ते वस्त्यांमधून गेले, काळे झेंडे बघितले, पुण्यात तर त्यांच्यावर बॉम्ब टाकायचा प्रयत्न झाला. नुसता पैसा हवा असता तर वर्ध्यात बसून चार शेठजींना पत्रं लिहून काम भागलं असतं.

दुसरा टप्पा विनोबांचा. १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली. दलितांच्या चाळीस कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली, विनोबांनी सभेत विचारलं आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने शंभर एकर देऊन टाकली. तिथून पुढे तेरा-चौदा वर्षं पदयात्रा. पैसा नको, जमीन द्या. त्यातली बरीच जमीन पुढे नापीक किंवा वादातली निघाली, हेही खरं. पण मागणं बदललं होतं.

आणि तिसरा टप्पा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, तो बाबा आमट्यांचा.

बाबा म्हटलं की आपल्याला आनंदवन आणि कुष्ठरोग्यांची सेवा एवढंच पटकन आठवतं. निदान मला तरी तेवढंच माहीत होतं, तेही शाळेतल्या धड्यापुरतं. पण डिसेंबर १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडलेले बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बरोबर ११६ तरुण, १०० मुलगे आणि १६ मुली, सगळे पस्तिशीच्या आतले. सायकलवर. यात्रेचं नाव 'भारत जोडो'. एकूण अंतर ५०४२ किलोमीटर.

बाबा स्वतः सायकलवर नव्हते, असणं शक्यच नव्हतं. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसताच येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. पांढरी बंडी आणि अर्धी चड्डी घातलेला हा म्हातारा बसमध्ये पलंगावर पडून अख्खा देश ओलांडत होता, आणि त्याच्या सोबतीला तरुण पोरं पेडल मारत होती. मला दोन तास स्टँड-अप मीटिंग झाली तरी पाठ धरते. असो.

तेव्हाचा काळ आठवा, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना वाचूनच आठवायचा. ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या, पाठोपाठ दिल्लीत शिखांचं हत्याकांड. जुलै ८५ मध्ये पंजाब करार झाला आणि महिन्याभरात करारावर सही करणारे संत लोंगोवाल मारले गेले. त्याच ऑगस्टमध्ये आसामचा करार. देश राहतो की फुटतो, असं लोक खरोखर बोलत होते. अशा वेळी हा माणूस तरुणांना म्हणत होता की हात बांधकामाला लावा, भीक मागायला नको आणि मारायलाही नको.

भीक नको, हे बाबांच्या बाबतीत फार जुनं सूत्र. दान माणसाला नासवतं, काम माणसाला घडवतं, ही आनंदवनाची सुरुवातीपासूनची भूमिका. जिथे बोटं झडलेली माणसं विहिरी खणतात, कापड विणतात, शेती करतात, तिथे ती नुसती घोषणा राहत नाही. म्हणून मला ही यात्रा वेगळी वाटते. गांधीजींनी पैसा मागितला, विनोबांनी जमीन मागितली. बाबांनी तरुणांकडे त्यांचे काही महिने मागितले. पुढे १९८८ मध्ये पुन्हा एकदा, या वेळी आडवा भारत, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत.

आता आमच्या धंद्यातला प्रश्न. आउटपुट काय? :)

तसं बघितलं तर यात्रा सपशेल नापास. ज्या वर्षी सायकली काश्मीरकडे गेल्या त्याच १९८६ च्या १० ऑगस्टला, माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्यांची पुण्यात भर दिवसा गोळ्या घालून हत्या झाली. खलिस्तानी अतिरेक्यांनी केली. पंजाब शांत व्हायला नव्वदचं दशक उजाडलं, काश्मीर तर तेव्हा पेटायचंच होतं. ११६ सायकलींनी काहीही थांबलं नाही. डॅशबोर्डवर लावायला एकही आकडा नाही.

मग मी एक हिशोब केला. आजच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ ने कन्याकुमारी ते श्रीनगर अंतर पावणेचार हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. २०२० मध्ये नाशिकच्या ओम महाजनने श्रीनगर ते कन्याकुमारी साडेआठ दिवसांच्या आत पूर्ण केलं, आणि त्या पोराला माझा साष्टांग नमस्कार. पण बाबांची यात्रा ५०४२ किलोमीटर. रस्ते तेव्हाचे वेगळे होते हे मान्य केलं तरी हजार-बाराशे किलोमीटर जास्तीचे येतात. रोज साठ किलोमीटर धरले तर हे जास्तीचे अंतरच अठरा-वीस दिवस खातं. आमच्यापैकी कोणीही हा रूट बघून पहिली कॉमेंट टाकली असती, "शॉर्टेस्ट पाथ का घेतला नाही?"

उत्तर मला त्या शाळेच्या फाट्यावर मिळायला हवं होतं. शॉर्टेस्ट पाथ हा पोचण्यासाठी असतो. त्यांना कुठे पोचायचं नव्हतं, त्यांना लोकांकडे जायचं होतं. केरळातल्या मुलाने महाराष्ट्रातल्या अनोळखी घरात जेवायचं, भाषा येत नसताना हातवारे करायचे, रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं, हे सगळं महामार्गावर उभं राहून होत नाही. गाडीत बसलेल्याला लोक वाट देतात. सायकलवाल्याला थांबवून विचारतात, कुठून आलात, पाणी घेता का? सायकलचा वेग माणसांना आपल्याशी बोलता येईल इतका कमी असतो. सायकलचा आणि मदतीचा संबंध एवढाच, आणि आम्ही नेमका तोच तोडला होता. सपोर्ट गाडीत सगळं होतं, त्यामुळे चार दिवसांत आम्हाला कोणाकडे पाणीसुद्धा मागावं लागलं नाही.

मार्चमध्ये नागपूरला एका लग्नाला गेलो होतो, तिथून शंभरेक किलोमीटरवर आनंदवन. बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले, साधनाताई २०११ मध्ये. बाबांना अग्नी दिला नाही, त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथल्याच मातीत पुरलं. तिथे थोडा वेळ उभा राहिलो. मोठं काही सुचलं नाही. "पोरं विचारत होती" एवढंच आठवलं.

या डिसेंबरात परत निघतोय, तोच रस्ता. लिंक पाठवीनच, कारण शाळेला आता कॉम्प्युटर हवेत आणि ते नुसत्या गप्पांनी येत नाहीत. पण चारऐवजी सहा दिवसांची रजा टाकली आहे. फाट्यावरून आत वळायचं, दोन रात्री शाळेतच राहायचं, मुलांच्या सायकली दुरुस्त करायच्या आणि आलेली पुस्तकं त्यांनी वाचली का ते विचारायचं. सपोर्ट गाडी रद्द. दोघांनी रजा मिळत नाही म्हणून नाव काढून घेतलं. ज्याने तो प्रश्न विचारला होता, त्याने मात्र नवी सायकल बुक केली आहे.

मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "या की. चढ आहे बरं का, सर. पण शेवटच्या दोन किलोमीटरला पोरं ढकलतील."