मंत्रचळावरील उपचारांची वाटचाल : कुमारवयीनांच्या संदर्भात

प्रस्तावना :
नकोसे विचार वारंवार मनात येणे आणि त्यांतून उद्भवणारी भीती शमविण्यासाठी पुनःपुन्हा हात धुणे, कडी तपासणे, मोजणे यांसारख्या कृती करणे, यास मंत्रचळ म्हणतात. हा विकार अनेकदा बालपणी वा कुमारवयात सुरू होतो. त्यावरील बोधात्मक वर्तनोपचाराच्या इतिहासाचा प्रस्तुत लेखात थोडक्यात आढावा घेतला आहे.

कारणाकडून कृतीकडे :
सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये अशा एका प्रौढ रुग्णाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांचा भर अबोध मनातील संघर्षाच्या शोधावर होता. १९६६ मध्ये लंडन येथील व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांबाबत निराळा मार्ग अवलंबिला. रुग्णाने भीतिदायक परिस्थितीस सामोरे जावे, मात्र नेहमीची कृती करू नये, असे या उपचाराचे स्वरूप होते. कृती टाळूनही अनर्थ ओढवत नाही, हा अनुभवच येथे औषध ठरला. १९८५ मध्ये पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी जबाबदारीच्या अवास्तव जाणिवेचे विवेचन करून या वर्तनोपचारास विचारांच्या अभ्यासाची जोड दिली.

कुमारवयीनांसाठी मांडणी :
अमेरिकेत जॉन मार्च यांनी सहलेखिकेसह १९९८ मध्ये मुलांसाठी उपचार-पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत मूल हे केवळ रुग्ण न राहता उपचारातील सहकारी बनते आणि सोप्या भीतीकडून कठीण भीतीकडे पायरीपायरीने जाते. २००४ मध्ये ७ ते १७ वयोगटातील ११२ मुलांवरील १२ आठवड्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणे जवळजवळ नाहीशी होण्याचे प्रमाण औषध व वर्तनोपचार एकत्रित दिल्यास ५३.६ टक्के, केवळ वर्तनोपचाराने ३९.३ टक्के, केवळ सर्ट्रालीन या औषधाने २१.४ टक्के, तर औषधाभासाने ३.६ टक्के आढळले.

२०११ मधील अभ्यास अधिक उद्बोधक आहे. औषध चालू असूनही लक्षणे उरलेल्या १२४ मुलांपैकी ज्यांना पूर्ण वर्तनोपचार मिळाला, त्यांच्यापैकी ६८.६ टक्क्यांत लक्षणीय सुधारणा झाली. औषधासोबत या उपचाराच्या केवळ संक्षिप्त सूचना मिळालेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के, तर केवळ औषध चालू राहिलेल्यांत ३० टक्के होते.

निष्कर्ष :
सल्ला म्हणजे उपचार नव्हे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. ‘काही होणार नाही’ असा दिलासा पुनःपुन्हा देणारे पालक व शिक्षक सद्‌हेतूने का होईना, विकारास खतपाणी घालतात. कारण दिलासा मागणे हीही त्या चक्रातील एक कृतीच असते. उत्तरपत्रिका वारंवार खोडून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ हळू वा हट्टी न मानता, वेळीच प्रशिक्षित उपचारकाकडे पाठविणे, हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.