सरळ या, पण सरळ वाट नाही

श्रोतेहो, पोटासाठी परमुलूख गाठणं आपल्याला नवं नाही. घरचा एक भाऊ शेती बघतो, दुसरा मुंबई गाठतो. कुणी तिथून आखातात जातो. आणि आखातात चार वर्षं काढल्यावर वाटतं, इथूनच आणखी पुढच्या देशात काम मिळालं तर? मग अर्जावर प्रश्न येतो : तुम्ही मूळचे कुठले, आणि अर्ज करता आहात कुठून? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटात मोठा इतिहास आहे. तो आज सांगायचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातले पुष्कळ शेतकरी हाँगकाँग, शांघाय या बंदरांत पोलिसात किंवा पहारेकरी म्हणून नोकरीला होते. कॅनडात लाकडाच्या गिरण्यांत मजुरी बरी मिळते असे कळल्यावर ते तिकडे जाऊ लागले. त्या काळी आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. बंदरावरच्या अधिकाऱ्याने उतरू दिले, की झाली परवानगी. शिवाय हिंदुस्थान आणि कॅनडा दोन्ही ब्रिटिश साम्राज्यात. म्हणजे कागदोपत्री सारे एकाच राजाचे प्रजाजन!

पण कॅनडाच्या सरकारला ही माणसे नको होती. उघड मनाई केली तर साम्राज्यातल्या समानतेचे सोंग उघडे पडते. तेव्हा 1908 साली एक नियम निघाला. येणाऱ्याने आपल्या जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या तिकिटावर, प्रवास न मोडता सरळ यावे. नियमात हिंदी माणसाचे नावही नव्हते. आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? बरं का, मेख पुढेच आहे. हिंदुस्थानातून कॅनडापर्यंतचे सरळ तिकीट आगबोट कंपनीने विकू नये, असा बंदोबस्त सरकारनेच केला होता. आणि हाँगकाँगला राहणाऱ्याने तिथून निघायचे म्हटले, तर तो त्याचा जन्मदेश नव्हे. दोन्ही वाटा बंद. शिवाय आशियातून येणाऱ्याच्या खिशात 200 डॉलर हवेत, ही अट वेगळीच.

1913 साली 'पनामा मारू' बोटीने आलेल्या काही जणांना न्यायमूर्ती हंटर यांनी सोडून दिले, कारण हुकमांची शब्दरचना मूळ कायद्याशी जुळत नव्हती. लोकांना आशा वाटली. सरकारने मात्र लगेच शब्द दुरुस्त करून घेतले.

याच सुमारास गुरदितसिंग नावाच्या ठेकेदाराने 'कोमागाता मारू' ही जपानी आगबोट भाड्याने घेतली. 4 एप्रिल 1914 रोजी ती हाँगकाँगहून निघाली. तिथे 165 उतारू चढले, शांघायला 111, मोजीला 86 आणि योकोहामाला 14. एकूण 376. सारे परदेशातूनच निघालेले. 23 मे रोजी बोट व्हँकुव्हरला लागली आणि दोन महिने तशीच पाण्यात उभी राहिली. आधीपासून कॅनडात राहणारे वीसेक जण तेवढे उतरू शकले. बाकीच्यांचे अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या देशबांधवांनी वर्गणी काढून बोटीचे भाडे भरले, वकील दिला. मुनशीसिंग या शेतकऱ्याच्या नावाने खटला चालला. 6 जुलैला न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. अखेर 23 जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात बोट परत लावण्यात आली.

29 सप्टेंबर रोजी कलकत्त्याजवळ बजबज येथे उतारूंवर गोळीबार झाला आणि वीसेक जण प्राणाला मुकले. कामधंदा शोधायला निघालेली ही माणसे सरकारच्या लेखी बंडखोर ठरली. या प्रकाराने अमेरिकेतले गदर पक्षाचे तरुण पेटून उठले. शिक्षणासाठी तिकडे गेलेले आपल्या पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे त्याच वर्षाअखेर मायदेशी परतले, आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले.

सरळ प्रवासाचा तो नियम 1947 साली उठला. 18 मे 2016 रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्यांच्या संसदेत या प्रकरणी माफी मागितली. म्हणजे 102 वर्षांनी.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात हा धडा घेताना जगाचा नकाशा जरूर टांगा. हाँगकाँगपासून व्हँकुव्हरपर्यंत मुलांना बोट फिरवू द्या आणि विचारा, या माणसांनी नियम पाळायचा म्हटला असता तर तो कसा पाळायचा? मुलं थोडा वेळ वाट शोधतील. ती सापडत नाही हे त्यांचं त्यांनाच कळू द्या. कोणत्या देशाने कुणाला घ्यावं, हे ठरवायचा अधिकार त्या त्या देशाला असतो, हे खरंच. पण पाळताच येऊ नये म्हणून केलेला नियम कसा ओळखावा, हे त्या नकाशावरून मुलांच्या ध्यानात येईल.