तळटीप : बेरोजगार कोण?

प्रस्तुत प्रकरणातील आकडे केंद्र सरकारच्या, २०१७ साली सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातील आहेत. काम करणारे आणि काम नसलेले पण त्यासाठी तयार असणारे, हे दोघे मिळून श्रमबल. बेरोजगारीचा दर या श्रमबलाशी काढतात, लोकसंख्येशी नव्हे. ज्याला काम शोधायचेही नाही आणि मिळाले तरी करायचे नाही, तो या हिशेबात बेरोजगार नाही.

मोजण्याच्या पद्धती दोन. साप्ताहिक स्थितीत मागील सात दिवसांत कधीही एक तासभर काम केले असले, तरी ती व्यक्ती रोजगारात धरतात. नेहमीची स्थिती मागील ३६५ दिवसांवरून ठरते आणि त्यात निदान ३० दिवसांचे दुय्यम कामही जमेस धरतात. विदर्भातील एखादी बाई हंगामात दोन महिने कापूस वेचते आणि उरलेले वर्ष घर सांभाळते. मुख्य स्थितीने ती श्रमबलाबाहेर, दुय्यम स्थितीने मात्र कामकरी. म्हणून स्थितीचा उल्लेख नसलेल्या आकड्यावर वाचकाने विसंबू नये. ही चौकट दांतवाला समितीच्या १९७०च्या अहवालातून आली आहे.

घरच्या शेतात बिनमजुरीने खुरपणारी स्त्री ‘मदतनीस’ म्हणून रोजगारात गणली जाते, हे योग्यच. पण स्वयंपाक, मुलांचे संगोपन, इतकेच नव्हे तर घरासाठी सरपण गोळा करणेही श्रमबलाबाहेर राहते. सरपणासाठी वेगळा संकेतांक आहे, पण तो रोजगाराचा नाही. स्त्रियांच्या सहभागाचे दर वाचताना ही वजाबाकी ध्यानात ठेवावी, असा आमचा आग्रह आहे. — संपादक