सिंधुदुर्गातील चतुर व टाचण्या

ओडोनाटा गणातील मांसभक्षक कीटक. बसताना चतुर पंख आडवे पसरतो. बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटतात. अळ्या पाण्यात वाढत असल्याने पाणवठ्याप्रमाणे प्रजाती बदलतात. आंबोली परिसरातील सावलीच्या ओहोळांकाठी न्यूरोबेसिस चायनेन्सिस ही टाचणी आढळते. पंख उघडताच नराचे मागचे पंख हिरवे झळाळतात. भातखाचरांत न्यूरोथेमिस टुलिया हा चतुर दिसतो. नराच्या पंखांचा बुडाकडील भाग काळा, त्यापुढे पांढरा पट्टा असतो. सड्यांवरील (कातळी पठारांवरील) पावसाळी डबकी अळ्यांची झटपट वाढ होणाऱ्या पँटाला फ्लॅव्हेसेन्सला मानवतात; हा चतुर स्थलांतरात हिंदी महासागर ओलांडतो. सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी २०१९ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातूनच विज्ञानाला नव्याने ज्ञात झाली. ओहोळकाठची वृक्षतोड, कीटकनाशके व चिरेखाणी यांमुळे हे अधिवास धोक्यात येतात.