कुंडींतील झाडें कां सुकतात?

सकाळीं टवटवीत असलेलें कुंडींतील झाड संध्याकाळीं मान टाकून बसलेलें दिसलें, म्हणजे घरांतील माणसें प्रथम तांब्याभर पाणी आणून त्याच्या बुडाशीं ओततात. दुसऱ्या दिवशीं झाड उभें राहिलें तर औषध लागू पडलें असें ठरतें. न राहिलें तर आणखी एक तांब्या. चौथ्या दिवशीं पानें पिवळीं पडतात, देंठ मऊ होतात, आणि मग दोष उन्हावर, मातीवर, नाहीं तर कोणाच्या तरी दृष्टीवर जातो. ज्या झाडाला पाणी हवें होतें त्याला आणि ज्याला तें नको होतें त्यालाहि एकच उपचार झालेला असतो. झाड मान कां टाकतें, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचें उत्तर हुडकण्यांत जवळजवळ दोनशें वर्षें गेलीं, आणि त्याचा आरंभ एका पाद्र्याच्या तराजूपासून झाला.

टेम्स नदीच्या कांठीं टेडिंग्टन नांवाचें गांव आहे. स्टीफन हेल्स (१६७७–१७६१) हा तेथील देवळाचा धर्मोपदेशक. प्रार्थनेंतून उरलेला वेळ तो वजन-मापांत घालवी. १७२४ च्या जुलई महिन्यांत त्यानें साडेतीन फूट उंचीचें सूर्यफुलाचें झाड कुंडीसकट घेतलें. कुंडीचें तोंड शिशाच्या पातळ पत्र्यानें झांकून सांधे लिंपून टाकले, म्हणजे मातींतून वाफ निसटण्यास वाट उरली नाहीं. पाणी घालण्यापुरती एक आंखूड नळी ठेवली, व तिलाहि बूच. नंतर निरनिराळ्या पंधरा दिवशीं सकाळ-संध्याकाळ त्यानें ती कुंडी तोलली. फार उष्ण व कोरड्या दिवशीं बारा तासांत तिचें वजन १ पौंड १४ औंसांनीं घटलें. सरासरी घट १ पौंड ४ औंसांची भरली. उबदार रात्रीं ती सुमारें ३ औंसांवर येई, आणि दंव पडलें कीं घट अजिबात थांबे. आकारमानाच्या मानानें पाहतां सूर्यफूल माणसाच्या सतरा पट घाम गाळतें, असा हिशेब त्यानें १७२७ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत मांडला. झाड पाणी पितें हें शेतकऱ्याला ठाऊक होतेंच. पण प्यालेलें पाणी तें सांठवीत नाहीं, जवळजवळ सर्व हवेला देऊन टाकतें, ही गोष्ट प्रथमच आंकड्यांनीं सिद्ध झाली.

आतां पानाला हाड नाहीं, आणि कोंवळ्या खोडालाहि नाहीं. सायकलच्या रबरी नळींत हवा भरावी तसें पेशीपेशींत पाणी दाटून भरलेलें असतें, आणि त्या दाबावरच पान ताठ उभें राहतें. हा दाब केवढा असूं शकतो याचें मोजमाप जर्मन शास्त्रज्ञ फेफर यानें १८७७ सालीं दाखविलें. पुढें १८९४ मध्यें डब्लिनच्या डिक्सन व जॉली या दोघांनीं अशी उपपत्ति मांडली कीं, पानांतून वाफ होऊन जाणारें पाणी आपल्यामागचा पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर ओढीत असतें. म्हणजे जमाखर्च सरळ आहे. पानांचा खर्च मुळांच्या जमेपेक्षां वाढला कीं पेशी ढिल्या पडतात आणि झाड मान टाकतें. परंतु खर्च वाढल्यामुळें तूट आली कीं जमा बुडाल्यामुळें, हें पानाकडे पाहून कळत नाहीं. दोहोंची मुद्रा एकच. सगळा घोटाळा येथेंच आहे.

हा घोटाळा लंडनमधील एका डॉक्टराच्या वांट्यास आला. नॅथानिएल बॅगशॉ वार्ड (१७९१–१८६८) हा शहराच्या पूर्व भागांत, गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्यें राही. त्याला नेच्यांचा मोठा नाद. घरामागच्या चौकांत त्यानें दगड रचून एक लहानशी टेकडी केली, तिच्या माथ्यावर भोकें पाडलेली नळी बसवून पाणी सतत ठिबकत ठेवलें, आणि नेचे व शेवाळ लावलें. पाण्याची वाण कोठेंच नव्हती. तरी सगळीं रोपें मेलीं! भोंवतालच्या कारखान्यांच्या धुरांत व काजळींत तीं जगेनात. शेवटीं त्यानें तो नाद सोडून दिला.

१८२९ सालीं त्यानें एका मोठ्या पतंगाचा कोश पाहण्यासाठीं रुंद तोंडाच्या कांचेच्या बाटलींत ओलसर माती घालून तींत पुरला व वर झांकण बसविलें. दिवसां मातींतील ओल वाफ होऊन कांचेवर जमे, आणि तीच पुनः ओघळून मातींत जाई. पतंग बाहेर पडण्याच्या आठवडाभर आधीं त्या मातींतून एक नेचा आणि गवताचें एक पातें डोकावूं लागलें. ज्या वनस्पतींसाठीं कित्येक वर्षें खटपट व्यर्थ गेली, त्याच जातीची वनस्पति कोणी न लावतां, न शिंपतां, त्याच धुरकट शहरांत उगवली होती. वार्डनें पतंगाचा विचार बाजूला ठेवून बाटलीचा विचार सुरू केला. यांतच त्याचें खरें मोठेपण आहे. बाटली त्यानें अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ठेवली, आणि तो नेचा जवळजवळ चार वर्षें तेथें जगला.

मग कांचेच्या पेट्या तयार झाल्या. पूर्वीं गलबतावरून जाणारीं रोपें खारट तुषारांनीं व गोड्या पाण्याच्या अभावीं बहुतेक वाटेंतच मरत. १८३३ च्या जूनमध्यें वार्डनें नेचे, शेवाळ व गवतें भरलेल्या दोन पेट्या कॅप्टन मॅलार्ड याच्या स्वाधीन करून ऑस्ट्रेलियास पाठविल्या; रोपें सुखरूप पोहोंचलीं. परतीच्या प्रवासासाठीं १८३४ च्या फेब्रुवारींत सिडनी येथें त्याच पेट्या तिकडील रोपांनीं भरल्या, तेव्हां उष्णमान ९० ते १०० अंशांच्या दरम्यान होतें. केप हॉर्नला वळसा घालतांना तें २० अंशांवर उतरलें आणि डेकवर बर्फ सांचलें. वाटेंत पाण्याचा थेंबहि न घालतां आठ महिन्यांनीं तीं रोपें लंडनला जिवंत उतरलीं. १८३८ मध्यें मायकेल फॅरडेनें रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें या पेटीवर व्याख्यान दिलें. पुढें रॉबर्ट फॉर्च्यूननें चीनमधील चहाचीं हजारों रोपें अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशीं आणलीं, आणि सिंकोना निलगिरीवर आला तोहि यांतूनच. आपल्या महाबळेश्वराजवळ लिंगमळ्यास सिंकोन्याची लागवड करून पाहण्यांत आली होती. ती मात्र टिकली नाहीं. एका साम्राज्याचा व्यापार कांचेच्या पेटीवर कसा वाढला, ही कथा निराळी व तितकीशी निर्मळहि नाहीं. वार्डच्या १८४२ च्या पुस्तकांत मात्र गरिबांच्या स्थितींत या पेटीनें काय सुधारणा होईल यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या हवेंत नेचा जगत नव्हता त्याच हवेंत त्याचे रोगी श्वास घेत होते, हें त्या डॉक्टराच्या नजरेंतून सुटलें नव्हतें.

पुढें संपन्न घरांच्या दिवाणखान्यांत कोळशाच्या वायूचे दिवे आले आणि एक नवीच आपत्ति उभी राहिली. पाणी वेळच्या वेळीं, ऊन बेताचें, तरी पानें खालीं वळत व गळून पडत. टिकून राही तें अस्पिडिस्ट्रा हें पूर्व आशियांतील रुंद पानांचें चिवट झाड. म्हणून तेंच घरोघर दिसूं लागलें. खरें कारण कळलें तें फार उशिरां. सेंट पीटर्सबर्ग येथें नेल्युबोव्ह या संशोधकाच्या प्रयोगशाळेंत वाटाण्याचे मोड सरळ वर न वाढतां आडवे वाढत. बाहेरच्या स्वच्छ हवेंत नेले कीं सरळ होत. दिव्याच्या वायूंतील इथिलीन हा त्याला कारण, हें त्यानें १९०१ मध्यें दाखवून दिलें. ते दिवे आतां गेले. परंतु पिकणारीं फळें हाच वायु स्वतः सोडतात. आंब्याच्या आढीशेजारीं कुंडी ठेवून तिच्या पानगळीबद्दल माळ्याला बोल लावणें योग्य नव्हे.

राहिला प्रश्न मुद्रेचा. सुकलेलें झाड तहानलेलें आहे कीं नुसतें उन्हानें थकलेलें, हें ओळखावें कसें? अमेरिकेंत ब्रिग्ज व शँट्झ यांनीं १९१२ सालीं याची कसोटी ठरविली. मान टाकलेलें झाड दमट, बंद हवेंत ठेवावें. पानांचा खर्च थांबतांच तें पाण्यावांचून सांवरलें, तर मातींत अद्याप पाणी आहे. सांवरलें नाहीं, तर मातींतील उपलब्ध पाणी संपलें. ही मर्यादा वनस्पतीच्या जातीपेक्षां मातीवर अधिक अवलंबून असते असें त्यांना आढळलें. भरड वाळूंत शेंकडा १ च्या आसपास ओल उरली असतां झाड हात टेकतें, तर चिकणमातींत शेंकडा १५ च्या सुमारास ओल असूनहि तीच गत होते, कारण चिकणमाती आपलें पाणी सोडीत नाहीं. म्हणून वरून ओली दिसणारी कुंडीहि तहानलेली असूं शकते.

याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. मुळांनाहि प्राणवायु लागतो. मातींतील पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे मुळें गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलीं मुळें पाण्यांत बुडालेलीं असूनहि पाणी ओढूं शकत नाहींत. अशा झाडाची मानहि खालीं पडते. वार्डच्या बाटलींतील नेच्याचा शेवट असाच झाला. तो परगांवीं असतां झांकण गंजलें, पावसाचें पाणी आंत शिरलें, आणि लंडनच्या धुरालाहि दाद न देणारी ती वनस्पति मेली.

तेव्हां पाण्याचा तांब्या उचलण्यापूर्वीं कुंडी बोटाच्या पेरानें वाजवून पाहावी. मातीची कुंडी असेल तर कोरडी कुंडी खणखणते, ओली असतां आवाज बद्द येतो. भर दुपारीं मान टाकलेलें झाड सांवलींत न्यावें आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. बहुतेक वेळां तेवढेंच पुरतें. माती खरोखर वाळली असेल तर ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, आणि वरून ओतलेलें पाणी कडेनें निसटून खालच्या भोंकांतून वाहून जातें. झाड तहानलेलेंच राहतें. अशी कुंडी बादलीभर पाण्यांत बुडे येईतों बुडवावी, बुडबुडे थांबले कीं काढून निथळूं द्यावी. फार सुकलेल्या रोपावर कांचेचें भांडें उपडें घालून दोन-तीन दिवस सांवलींत ठेवावें. ही वार्डचीच पेटी, पण ती उन्हांत ठेवल्यास रोप शिजून निघेल. आजारी झाडास खत घालूं नये. खताच्या क्षारांनीं मुळांचें पाणी उलट बाहेर ओढलें जातें.

माती ओली असून झाड सुकलें असेल तर पाणी बंद. दोन दिवसांत सुधारणा न दिसल्यास झाड अलगद उपटून मुळें पाहावीं. पांढरीं व टणक मुळें ठेवावीं, काळीं व लिबलिबीत कापून टाकावीं. मुळें जितकीं गेलीं त्या मानानें पानेंहि कमी करावीं, नाहीं तर खर्च पूर्वींचा आणि मिळकत अर्धी अशी स्थिति होते. नंतर वाळू मिसळलेल्या नव्या मातींत, तळाशीं खापऱ्या घालून भोंक मोकळें राहील अशा बेतानें तें लावावें. वैशाखांत तुळशीवर गळती बांधण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. थेंब थेंब पडणारें तें पाणी मुळांना पोहोंचतें आणि मातींतील हवाहि कोंडीत नाहीं. मात्र पावसाची पहिली सर आली कीं ती गळती उतरवून ठेवावी लागते.