वर्तुळातला आकडा

जमिनीचा एखादा व्यवहार केलेल्या माणसाला सातबारा वाचता येतो. खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा. हे नाव इथे वारसाने आले की खरेदीने, हे सातबारा सांगत नाही. ते फेरफाराच्या नोंदवहीत असते आणि ती वही वेगळी. वर्तुळातला आकडा म्हणजे तिचा पत्ता, तोही अर्धाच. कारण त्याच नंबरचा फेरफार तारापूरलाही असतो आणि चिंचणीलाही. गाव चुकले की भलत्याच घराची वाटणी वाचत बसायचे.

हे आठवले ते माझ्या भाच्यामुळे. बोईसरला कारखान्यांच्या भोंग्यांवर वाढलेला हा मुलगा आज पुण्यात प्रोग्राममधल्या चुका शोधतो. माणूस प्रोग्राम ओळींमध्ये लिहितो, पण यंत्राला चालवण्यासाठी त्याचे नुसते आकडे होतात. कुठला आकडा कुठल्या ओळीतून आला, त्याची नोंद म्हणजे डिबग माहिती. ही नोंद पुष्कळदा मूळ प्रोग्रामच्या कित्येक पट मोठी भरते. म्हणून गिऱ्हाइकाकडे नुसता प्रोग्राम जातो आणि नोंदीची फाइल कापून वेगळी ठेवतात. प्रोग्राम कोसळला की डिबगर नावाच्या हत्याराला ही फाइल शोधावी लागते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली जीडीबी हा डिबगर लिहिला. तो आजही जगभर वापरात आहे. नोंदी वेगळ्या ठेवण्याची रीत रुळली तेव्हा जीडीबीने शोधायची एक सोपी पद्धत धरली. प्रोग्रामच्या पोटात नोंदीच्या फाइलचे नाव लिहून ठेवायचे. मग आधी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये बघायचे, नंतर तिथल्या ‘डिबग’ नावाच्या पोटफोल्डरमध्ये, आणि शेवटी सगळ्या नोंदींच्या सामाईक कोठारात, प्रोग्रामचा पुरा पत्ता धरून.

आता नावावर भिस्त ठेवली की काय होते, हे आमच्या मोहल्ल्यातल्या पोस्टमनला विचारा. एकाच नावाचे चार जण, म्हणून तो बापाचे नाव विचारतो. जीडीबीनेही तेच केले. नावासोबत फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला एक तपासणी आकडा ठेवला. सापडलेल्या फाइलचा आकडा जुळला नाही तर ती बाजूला. पण हा आकडा काढायचा तर अख्खी फाइल वाचावी लागे, आणि पत्त्याचा घोळ तसाच राहिला. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्यानंतर जुन्या घराच्या पत्त्यावर कोण सापडणार? फाइलही अशीच जागा बदलते.

भाच्याची फजिती इथलीच. एका ठिकाणी नोकरीला असताना एक जुना प्रोग्राम कोसळला. नोंदीची फाइल आपोआप सापडेना, म्हणून त्याने त्याच नावाची एक फाइल हाताने जोडली. अशी जोडली की तपासणी होत नाही. डिबगरने बिनतक्रार एक ओळ दाखवली. ती ओळ एका सहकाऱ्याने लिहिलेली होती. दोन दिवस सगळे त्या बिचाऱ्याकडे बघत होते. फाइल आदल्या आठवड्याच्या बांधणीची निघाली. मधे कुणी तरी वर दहा-बारा ओळी घातल्या होत्या आणि सगळे क्रमांक सरकले होते. “मामू, फाइल नसती तर मी ‘माहीत नाही’ म्हणालो असतो,” तो म्हणाला. चुकीची नोंद मिळाल्यामुळे तो खात्रीने बोलत होता.

यावरचा उपाय रोलंड मॅक्ग्रा यांनी मांडला आणि २००७ च्या नोव्हेंबरात आलेल्या फेडोरा ८ या लिनक्समध्ये तो उतरला. प्रोग्राम बांधतानाच त्याच्या मजकुरावरून एक ओळखक्रमांक काढायचा, साधारणपणे ४० अक्षरांचा, आणि तो प्रोग्राममध्येही लिहायचा, नोंदीतही. त्याला बिल्ड-आयडी म्हणतात. कोठारात पहिल्या दोन अक्षरांच्या नावाचा फोल्डर आणि उरलेल्या अक्षरांच्या नावाची फाइल. प्रोग्राम कुठल्याही फोल्डरमध्ये न्या, नाव बदला, क्रमांक तोच. मला सर्वांत भावला तो त्याचा आणखी एक गुण. हा क्रमांक प्रोग्रामबरोबर यंत्राच्या स्मृतीत चढतो. त्यामुळे प्रोग्राम कोसळल्यावर मागे जो स्मृतीचा ठसा उरतो, त्यातही तो बहुधा मिळतो. पंचनाम्याच्या वेळी खिशात ओळखपत्र सापडावे तसा.

२०१९ साली डिबगइन्फोडी नावाची सेवा आली. कोठार आपल्या यंत्रावर असण्याचीही गरज उरली नाही. डिबगर दूरच्या सर्व्हरला क्रमांक सांगतो आणि सर्व्हरकडे त्या क्रमांकाची नोंद असेल तर पाठवतो. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, जीडीबीला ही सोय जोडली गेली.

भाचा मात्र अजून क्रमांक स्वतः ताडून बघतो. परवा ईदला आला होता, तेव्हाही लॅपटॉप उघडून बसलेला. मी म्हटले, अरे, पहिली चार आणि शेवटची चार बघ की. त्याने मान हलवली आणि बोट ठेवून चाळीसच्या चाळीस अक्षरे वाचली. शिरखुर्मा तोवर गार झाला.