आवाज नेमका कुठे अडतो?

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हाचा स्फटिक-रेडिओ विजेविनाच हेडफोनमध्ये बोलायचा. म्हणून तो मुका झाला की तपासायची ती आवाजाची वाटच: एरियल, जमिनीत पुरलेली तार, स्फटिकावरची सुई, हेडफोनची जोडणी. संगणकाचा आवाज गेल्यावरही नवा हेडफोन घेण्याआधी हीच वाट तपासावी, असं माझं ठाम मत आहे. आता बिघाड तारेत नसून सॉफ्टवेअरमध्ये असतो, हा आक्षेप अर्धाच खरा. संगणक आवाज मॉनिटरकडे पाठवतो आणि कानाशी शांतता, ही चूक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये भलत्याच भोकात घातलेल्या पिनेसारखीच. हेडफोनची पिन आली तीही तिथूनच.